चार नंबरच्या बरणीत काय होतं

तो फारम अजून माझ्या पत्र्याच्या पेटीत हाय. पिवळा पडलाय, एक कोपरा झुरळांनी खाल्लाय, पण सही करायची जागा तशीच कोरी हाय. नातवंडं विचारतात, आजा, ह्यो कसला कागद? मी बोलतो, माझ्या अकलेचा दाखला. पोरं हसतात आणि मला राग येतो. एवढी वर्षं झाली, पण हा राग सुक्या बोंबलासारखा हाय. जितका जुना तितका वास मारतो.

तेव्हा मी पालघरला एका डॉक्टरकडं कंपाउंडर होतो. कंपाउंडर बोललो की तुमाला वाटेल, चार बुकं शिकलेला असेल. मी शाळेत दोन पावसाळे गेलो. दुसऱ्या पावसाळ्यात मास्तर माझ्या बापाला बोलला, "ह्याला घरीच ठेवा, शाळेचं बाकडं तरी वाचेल." बापाने ठेवला. मग मी डॉक्टरकडं बाटल्या धुवायला लागलो, आणि धुता धुता भरायला लागलो. नऊ वर्षं झाली होती.

आता मला वाचता येत नाय, तर मी औषध द्यायचो कसा? तीच तर सगळी गोम. आमच्या डॉक्टरच्या फळीवर चौदा बरण्या होत्या आणि एकीवर पण औषधाचं नाव नव्हतं. नुसते आकडे. डॉक्टर पडद्याआड पेशंट बघायचा आणि चिठ्ठीवर आकडा लिहायचा. दोन नंबर खोकला, चार नंबर पोट, नऊ नंबर ताप. बरण्यांमधला दाट अर्क डॉक्टर स्वतः रविवारी दार लावून कालवायचा. मी फक्त तो पाण्यात घालून बाटलीत भरायचो. मला आकडे चौदापर्यंत यायचे. पंधरावी बरणी आणली असती तर माझी नोकरी गेली असती.

एकदा मी विचारलं होतं, "डॉक्टर, चार नंबर म्हणजे काय असतं हो?"

डॉक्टर बोलला, "चार नंबर म्हणजे पाचच्या आधीचा. बाटली भर."

बाकड्यावरची माणसं हसली. मी पण हसलो. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो. त्या हसण्याचा मला आज राग येतो. माणूस आपल्याला गाढव बोलला आणि आपण शेपटी हलवली.

बाटली लोकं घरून आणायची. ती भरली की तिच्या अंगावर कागदाची उभी पट्टी खळीने चिकटवायची. पट्टीला बाजूने कात्रीने खाचे पाडायचे, एक खाचा म्हणजे एक डोस. ज्याला अक्षर येत नाय त्याला पण खाचा दिसतो. ह्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कोण नव्हता. पट्टी दुमडायची, एकदाच कात्री चालवायची, उलगडली की सगळे खाचे सारखे, दात काढून हसल्यासारखे. मी तर डोळे मिटून पण कापून दाखवायचो. बायकापोरं बघायला थांबायची. येवढी माझी विद्या.

मग सरकारचा कायदा आला, की औषध कालवणाऱ्याचं नाव सरकारी यादीत पायजे. शिकलेले असतील ते शिक्षणावर लागतील. आमच्यासारख्या जुन्या न शिकलेल्यांना एकदाच संधी, तीही डॉक्टरच्या पत्रावर. डॉक्टरने मला फारम आणून दिला.

"महिनाअखेरपर्यंत हा गेला पाहिजे," तो बोलला. "मी पत्र देतो. नाव लागलं की जन्माचं काम झालं. नाही गेला तर तू परत बाटल्या धुशील, आणि मला दुसरा कंपाउंडर बघावा लागेल."

मला जन्माचं काम पायजे होतं. दोन लेकरं होती. पण नेमकं त्याच महिन्यात मला दुसरी गादी दिसली.

तारापूरच्या बाजूला विजेचं ते मोठं काम सुरू झालं होतं. कुठकुठची माणसं आली होती. बिहारची, मद्रासची, आपल्या देशावरची. शिवाय आपल्या डोंगरातली वारली, कातकरी माणसं दगड-माती उचलायला. ठेकेदाराचा दवाखाना होता, पण तो ज्यांच्याकडं पास त्यांचाच. डोंगरातल्या माणसांना मुकादम कामावर भरायचा, त्यांना कसला पास? तो मुकादम एकदा तापाचा माणूस घेऊन पालघरला आला. डॉक्टर जेवायला गेला होता. मी त्या माणसाची जीभ बघितली, मनगट धरलं, दोन थट्टा केल्या, तो आजारी माणूस हसला. मुकादम बघतच राहिला.

"तू तो डॉक्टर से अच्छा है," तो बोलला. "इधर बोतल क्या भरता है? उधर चल. कमरा मैं देता हूँ, मरीज मैं देता हूँ. तू बस डॉक्टर बन जा."

बस, डॉक्टर बन जा! जसं काय कोणी सांगावं, बस, टोपी घाल.

आमचं घर उमरोळीला. स्टेशनावर उभा राहिलो की गाडी एका बाजूला पालघरला जाते आणि दुसऱ्या बाजूला बोईसरला. पालघरला गेलो की कंपाउंडर, बोईसरला गेलो की डॉक्टर. एवढी सोपी परीक्षा देवाने कोणाची घेतली नसेल, आणि त्यात पण मी नापास.

बायकोला विचारलं. ती भात कांडत होती.

"कंपाउंडरच्या बायकोला लोकं काय बोलतात?" तिने विचारलं.

"काय बोलणार? काय नाय."

"आणि डॉक्टरच्या?"

"डॉक्टरीणबाई."

"मग मला काय विचारता?" ती बोलली, आणि मुसळ असं घातलं की उखळ हललं.

मी काय ठरवलं माहीत हाय? काहीच नाय. मी दोन्ही केलं. सकाळी पालघरला कंपाउंडर, दुपारची गाडी पकडून बोईसर, तिथून कामावरच्या ट्रकमध्ये बसून तारापूरच्या माळावर डॉक्टर. फारम खिशात घडी करून. बोललो, महिना हाय, दोन्ही चाखून बघू. माणूस आंबा चाखतो तसं मी लोकांचा जीव चाखायला निघालो.

औषध कुठलं? चोरीचं. रोज चौदा बरण्यांतला थोडा थोडा अर्क बाटल्यांत काढायचा आणि पिशवीत घालून न्यायचा. बाटल्यांवर माझ्या हाताने तेच आकडे. पाण्यात किती घालायचं ते मला रंगावरून कळायचं, चार नंबर म्हणजे कोऱ्या चहासारखा झाला पायजे. मुकादमाने पत्र्याची खोली दिली. पाटीवर नुसती लाल फुली, कारण वाचणारा कोणच नव्हता, डॉक्टर धरून. कानात घालायची नळी पण त्याने कुठून तरी आणली. आठ दिवस मी ती उलटी घालत होतो. कोणाचंच काळीज ऐकू येत नव्हतं, मी आपला मान हलवायचो, "हां, ठीक चल रहा है."

ठेकेदाराच्या दवाखान्यात औषधं द्यायला एक काटकुळा, जाड चष्म्याचा माणूस होता. सातारकडचा. माझ्याहून लहान, पण कॉलेजात जाऊन औषधांचंच शिकलेला. तिथला डॉक्टर आठवड्यातनं दोनदा यायचा, बाकी दिवस हा एकटाच. पेशंट आला तर तपासायचा नाय, बोलायचा, "ते डॉक्टरचं काम." मला त्याची फार गंमत वाटायची. माझ्या खोलीसमोरून जाताना दिसला की मी सगळ्यांसमोर हाक मारायचो, "ओ पुडीवाले! आज किती पुड्या बांधल्या? वाण्याच्या दुकानात लागा, गूळ तरी चाखायला मिळेल!" कामगार खदाखदा हसायचे.

एकदा तो माझ्या दाराशी थांबला. माझ्या बाटल्या बघितल्या.

"हे आकडे कसले?" त्याने विचारलं. "नावं कुठायत?"

"नाव सांगितलं तर तुमी पण विकाल," मी बोललो. परत सगळे हसले. तो हसला नाय. चष्मा पुसला आणि गेला. मला वाटलं, जिंकलो.

महिना संपायला पाच-सहा दिवस राहिले होते. माझं मन डॉक्टरकीवर बसत चाललं होतं. खरं सांगतो, गोड लागतं ते. ज्याला बापाने कधी नावाने हाक मारली नाय, नुसता "ए" बोलला, त्याला पन्नास माणसं 'डॉक्टर साब' बोलायला लागली की त्याचं डोकं राहतं का जागेवर? मी चालताना पण हळू चालायला लागलो होतो.

अशात जव्हारकडचं एक जोडपं आलं. दोघं खडी वाहायची. बाईला दोन दिवस जुलाब, उभी राहवेना. नवरा अंगाने बारका, हातात बाटली. आणि ती बाटली अशी की मी उठून उभाच राहिलो. साहेब लोकांच्या बंगल्यावर त्याने गवत कापलं होतं, तिथं त्याला ती दिली होती. रिकामी दारूची असेल. जाड काच, वरती लांब बारीक मान, खाली सुटलेलं पोट, गरोदर बाईसारखं. उन्हात धरली की चमकायची.

"आज तर डॉक्टर पण खुश आणि औषध पण खुश," मी बोललो. नवरा हसला. बाई भिंतीला टेकून बसली होती, ती पण थोडी हसली. मी हसवलं तिला. ती हसली म्हणून मला वाटलं की काय फार झालेलं नाय. ह्याला बोलतात तपासणी!

बाटली भरली कोऱ्या चहाच्या रंगाची, गळ्यापर्यंत. पट्टी दुमडली, कात्री चालवली, सारखे खाचे, मानेपासून बुडापर्यंत. त्या बाटलीवर तर पट्टी लई शोभली. नवऱ्याला सांगितलं, "एक खाचा आता दे. नाय थांबलं तर थोड्या वेळाने दुसरा दे. तरी नाय थांबलं तर तिसरा."

तुमी शाळा शिकलेली माणसं हाव, तुमाला आत्ताच कळलं असेल. मला कळलं नाय. मानेतला खाचा म्हणजे चमचाभर. पोटातला खाचा म्हणजे अर्धा पेला. माझे खाचे सारखे होते, बाटली सारखी नव्हती. पहिले दोन डोस मानेतले, त्याने चिमणीचं पण पोट थांबलं नसतं. मग बिचाऱ्याने सांगितल्याप्रमाणे तिसरा दिला, तो पोटातला. चौथा पण दिला, कारण डॉक्टरचं औषध गुणकारी, जरा जास्त दिलं तर बरंच.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी ट्रकातून उतरलो तर माझ्या खोलीसमोर माणसं जमलेली. नवरा धावत आला.

"डागतर, बाय उठं नाय."

"झोपली असेल. थकली असेल."

"सकालपासून उठं नाय. हाक मारली तरी उठं नाय."

बाईला झोळीत घालून आणली होती. ओठ निळसर, श्वास असा की एक आला की दुसरा येईल का नाय ते बघत बसावं. मी नळी कानात घातली. तेव्हा सरळ घालायला शिकलो होतो. पहिल्यांदा मला काळीज ऐकू आलं, आणि ते इतकं हळू होतं की माझंच पळायला लागलं.

मुकादमाकडं बघितलं. तो मागच्या मागे सरकत होता. "मेरे को क्या मालूम?" तो लोकांना सांगत होता. "मैं इसको नहीं पहचानता. पालघर का आदमी है." ज्याने मला डॉक्टर केला तो पहिला पळाला. त्याचा मला राग यायला पायजे, येतो पण, पण खरं सांगू? मला पण पळायचं होतं. तो फक्त माझ्या आधी पळाला.

तेवढ्यात तो चष्मेवाला आला. कोणीतरी त्याला बोलावलं होतं. तो गुडघ्यावर बसला, बाईची पापणी वर केली, डोळ्यात बघितलं. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "काय दिलंत?"

"चार नंबर."

"चार नंबर म्हणजे काय?"

माझ्या तोंडात थट्टा तयारच असायची कायम. त्या वेळेला नव्हती. "पोटाचं," मी बोललो.

"पोटाचं काय? नाव काय त्याचं?"

"नाव नाय. चार नंबर."

तो उठून उभा राहिला. त्याच्या अंगात दोन मुठी मांस नव्हतं, पण त्याने माझी कॉलर धरली. "अहो, ही बाई मरतेय आणि तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय पाजलंत? जा. ज्याच्याकडनं आणलंत त्याला विचारून या. मला जे वाटतंय ते मी करतो, पण खात्री पायजे. पळा!"

आणि झोळीसोबत आलेल्या दोन बायकांना बोलला, "हिला झोपू देऊ नका. दोन्हीकडनं धरा, चालवा. पायाच्या तळव्यांवर मारा. आमच्या डॉक्टरांना गाडी पाठवा."

मी सिमेंटच्या रिकाम्या ट्रकात चढलो. बोईसरला गाडी यायला वेळ होता. त्या फलाटावर मी जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या आयुष्यात दिल्या नाय. आधी गाडीला, मग मुकादमाला, मग डॉक्टरला, मग त्या बाटलीला. सगळ्यांच्या संपल्या तेव्हा माझ्या राहिल्या. गाडीत उमरोळी आलं, घराचं छप्पर दिसलं. उतरावंसं वाटलं. घरात जाऊन गोधडी घ्यावी आणि वाट बघावी, काय होतं ते होऊ दे. गाडी सुटायच्या वेळेला मी दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला, स्वतःलाच धरल्यासारखा.

डॉक्टर दुपारचा लवंडला होता. मी दार बडवलं.

"डॉक्टर, चार नंबरमध्ये काय असतं?"

"कशाला?"

"एक बाई मरायला टेकलीय. मी दिलं तिला. मी चोरून नेलं."

तो उठून बसला. त्याला आला असेल राग, पण त्याचा पहिला सवाल काय होता ऐका. "विचारतंय कोण? तिथला डॉक्टर का?"

"औषधं देणारा हाय तिथला. त्याने विचारलंय."

"त्याला कशाला सांगायचं? उद्या तो तेच कालवून विकेल."

तेव्हा मला कळलं की नऊ वर्षं आकडे कशासाठी होते. बाई मरत होती तिकडं, आणि ह्याला बरणीची राखण! आणि काय सांगू, सगळ्यात वाईट हे की तो माझंच वाक्य बोलला. मी त्या चष्मेवाल्याला हसत हसत बोललो होतो तेच.

मी डॉक्टरवर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी मी पायातली वहाण काढली. मारली नाय. पण हातात घेतली. "नाव सांगा," मी बोललो.

"अफूचा अर्क," तो बोलला. "त्यात आणखी दोन गोष्टी आहेत, पण झोप येते ती त्याने." आणि चिठ्ठीवर लिहून दिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या हातात आकडा नसलेली चिठ्ठी दिली, आणि मला ती वाचता येत नव्हती.

परत तारापूरला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. बाई बसली होती. डोकं शेजारणीच्या खांद्यावर, डोळे अर्धे उघडे, पण बसली होती. चष्मेवाल्याने डोळ्यांतली बुबुळं बघून आणि बाटलीचा वास घेऊन ओळखलं होतं. ठेकेदाराचा डॉक्टर येऊन सुई देऊन गेला होता. माझी चिठ्ठी त्याने घेतली, वाचली, आणि खिशात ठेवली. "बरोबर," एवढंच बोलला. माझी सगळी धावाधाव त्या एका शब्दापुरती.

मग त्याने ती बाटली माझ्यासमोर ठेवली. "खाचे कोणी पाडले?"

"मी."

"छान पाडलेत," तो बोलला. "बाटलीचं पोट बघितलं नाही."

वर काय शिकवलं नाय, शिवी दिली नाय. त्याने दोन हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पुडीवाला मी त्याला बोलायचो, त्याची पण त्याने आठवण काढली नाय.

निघताना तिचा नवरा माझ्याकडं आला. मी बोललो, आता हा मारेल. मारावा. मी गाल पुढं पण केला असता. तो हात जोडून उभा राहिला.

"डागतर, तुजे उपकार. लांब जाऊन दवा आनलीस." आणि जरा थांबून बोलला, "ती बाटली परत दे ना. चांगली हाय."

माझ्या डोक्यात असा काय राग गेला! मी ओरडलो, "अरे, शिव्या दे ना मला! मी मारत होतो तुझ्या बायकोला!" तो घाबरला. दोन पावलं मागे गेला. त्याला वाटलं डॉक्टर रागावला, बाटली मागितली म्हणून. बोलला, "राहू दे, राहू दे." मी पट्टी नखाने खरवडून काढली, बाटली धुतली आणि त्याच्या हातात दिली. ती दोघं त्याच आठवड्यात गावाला गेली. बाई चालत गेली, मी बघितलं.

डॉक्टरकी संपली. राहिला फारम. दोन दिवस बाकी.

पालघरच्या डॉक्टरने मला काढलं नाय. उलट दुसऱ्याच दिवशी पत्र तयार करून हातात दिलं. "घे. फारमाला जोड, टाक पोस्टात, आणि झालं ते तोंडातनं काढू नकोस." तो भ्याला होता. मी पण भ्यालो होतो. दोन भ्यालेल्या माणसांचं चांगलं जमतं. मी पत्र घेऊन पोस्टापर्यंत गेलो. तिथं अर्ज लिहिणारा बसायचा. मनात आलं, काय लिहिलंय ते ऐकू तरी. त्याने वाचलं: हा माणूस सालस हाय, मेहनती हाय, आणि माझ्या दवाखान्यातली सर्व औषधं नावानिशी ओळखतो.

"परत वाचा," मी बोललो.

"सर्व औषधं नावानिशी ओळखतो."

पोस्टाची पेटी चार पावलांवर होती. सही केली की झालं, जन्माचं काम. बायको, पोरं, सगळं त्या चार पावलांत. आणि माझ्या कानात त्या माणसाचा आवाज, "काय दिलंत?" मी तिथून वळलो आणि तरातरा दवाखान्यात आलो.

डॉक्टर पडद्याआड होता, बाकडं भरलेलं. मी गरम पाणी घेतलं, चाकू घेतला आणि चौदाच्या चौदा बरण्यांवरचे आकडे खरवडून काढले. लोकं बघत होती. मला लई मर्द वाटत होतं. शेवटचा आकडा काढला, हात पुसले, फळीकडं बघितलं. आता मला पण कळेना, कुठली काय. तीन बरण्यांतला अर्क पाण्यात घातला की कोऱ्या चहाच्याच रंगाचा व्हायचा. आणि साफ करताना मी सगळ्या जागच्या हलवल्या होत्या.

आतनं चिठ्ठी आली. चार नंबर.

"डॉक्टर," मी बोललो, "चार नंबर राहिला नाय. नाव सांगा."

तो बाहेर आला. फळी बघितली. जे काय तो बोलला ते सांगण्यासारखं नाय, पण बाकड्यावरच्या एका म्हातारीने कानावर पदर घेतला. मी खाली मान घालून ऐकलं, आणि संपल्यावर परत बोललो, "नाव सांगा. माणसं खोळंबलीत."

तापाने आलेला एक शाळामास्तर बाकड्यावर होता. तो बोलला, "सांगा डॉक्टर, मी लिहितो." मग डॉक्टर काय करणार? एक एक बूच काढायचा, वास घ्यायचा, नाव सांगायचा. मास्तर कण्हत कण्हत कागदावर लिहायचा, मी खळ लावून चिकटवायचो. तेरा झाल्या. एका बरणीपाशी, पूर्वीची सात नंबर, डॉक्टर थांबला. वास घेतला. बोटाने चाखलं. परत चाखलं.

"हे असंच आहे," तो हळू बोलला. "पेपरमिंटचं पाणी आणि रंग. काही नसलं की देतो."

"मग तसं लिहू?" मास्तरने विचारलं.

डॉक्टर आत निघून गेला. त्या बरणीवर मी काय पण चिकटवलं नाय. पण नंतर ती कोणी कधी भरली पण नाय. सात वर्षं तशीच ठेवली, त्याच्या डोळ्यांसमोर.

महिना संपला. फारम खिशातच राहिला. डॉक्टरने दुसरा कंपाउंडर आणला, यादीतला, आणि मी परत बाटल्या धुवायला लागलो, बोलला होता तसंच. बायको भात कांडत होती, बोलली, "दोन गाड्या होत्या स्टेशनात. दोन्ही घालवल्यात." खोटं काय हाय त्यात?

ती नावं मी नंतर वाचायला शिकलो, धुता धुता, एक एक करून. पहिलं शिकलो ते चार नंबरचं. आणि धुवायला कोणाची सुटलेल्या पोटाची बाटली आली की मी ती बाजूला ठेवायचो आणि सरळ बाटली हातात द्यायचो. बायका भांडायच्या, आमची बाटली चांगली होती, ही कसली दिली? एकीने तर डॉक्टरकडं तक्रार केली, तुमचा धुणारा बाटल्या चोरतो.

चोरत होतोच की मी. आधी पण चोरच होतो. फक्त आता काय चोरतोय ते मला माहीत होतं.